तुडुम

चिचबोडीच्या तलाव संस्थेची आमसभा दरवर्षी भरायची आणि दरवर्षी होता होता राहायची. सतरंजी अंथरली जायची, अध्यक्ष उमरावजी पुस्तोडे घसा साफ करून उभे राहायचे, आणि समोर पाहावं तर उपाध्यक्ष केवळराम, उमरावजींचे बालमित्र केशोराव, पेंगणारे आणखी चार-पाच म्हातारे आणि सतरंजीच्या टोकाला येऊन बसलेली कोणाची तरी शेळी. उमरावजी शेळीकडे पाहूनच भाषण करत. त्या सभेत शेवटपर्यंत जागं राहणारी तेवढी एकच होती.

तलाव मात्र असा-तसा नव्हता. अर्जुनीकडच्या कोहळी समाजाच्या लोकांनी जागोजागी तलाव बांधले, त्यातला हा एक. उमरावजींच्या पणज्याच्याही आधीच्या कोणीतरी टोपल्या-टोपल्यांनी माती टाकून त्याची पाळ उभी केली. गावचं सगळं धान, म्हणजे भात, याच पाण्यावर. पाळीच्या पोटातून पाणी बाहेर काढायची जी दगडी वाट असते तिला जुनी माणसं तुडुम म्हणतात. पूर्वी तिथे लाकडी खुंट ठोकलेला असे. मग लोखंडी गेट आलं, चाक आलं, कुलूप आलं, आणि पोरांच्या तोंडी ‘गेट’ हाच शब्द बसला. तुडुम म्हणणारे गावात मोजकेच उरले, आणि तेही बहुतेक सभेत पेंगणारे.

त्या कुलपाची किल्ली उमरावजींच्या करदोड्याला बांधलेली होती. अध्यक्ष झाले त्या दिवशी त्यांनी तिला गाठ मारली, आणि ती गाठ इतक्या वर्षांच्या घामानं अशी आवळली की आता ती देवालाही सुटली नसती. अंघोळीला किल्ली, जेवायला किल्ली, मुलाच्या लग्नात नव्या धोतराच्या आतही किल्ली. कुलूप उघडायचं तर उमरावजींना पोट कुलपाला लावून उभं राहावं लागे. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

यंदा मात्र किल्लीवरच बेतलं. तालुक्याच्या ऑफिसातले इंद्रकुमार बाबू मोटारसायकलवर आले आणि अगदी गोड आवाजात वाईट बातमी सांगून गेले. बाबू भला माणूस, पण नियम तो नियम. लागोपाठ तीन सभांना कोरम झालेला नव्हता. या वेळी चाळीस सदस्य हजर नसले तर संस्था बंद, आणि गेटची किल्ली ऑफिसात जमा. मग पाणी सोडायचं तर अर्ज करायचा, बंद करायचं तरी अर्ज करायचा. अर्ज वर जाईल, खाली येईल, तोवर धानाचं काय होईल ते बाबूंनी सांगितलं नाही. उमरावजींनी धोतरावरून किल्ली चाचपली. आपल्या हातून तलाव गेला, हे पुढच्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

केवळरामांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि बाबू नेमके डाव्या बाजूला बसले होते. त्यांनी ऐकलं ते असं, की संस्थेत कॅरम नाही म्हणून संस्था बंद होणार. माणूस कर्तव्याचा पक्का. पुढच्याच बाजाराच्या दिवशी ते अर्जुनीहून भला मोठा कॅरम डोक्यावर घेऊन आले. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग उमरावजींनीच विचार केला, असू दे, कॅरम आहे म्हटल्यावर पोरं तरी येतील. पोरं आलीही. पण तोवर म्हाताऱ्यांना कॅरमची अशी चटक लागली होती की पोरांचा नंबरच लागेना. दोन दिवस उभं राहून पोरं निघून गेली.

मग उमरावजी स्वतः मैदानावर गेले. क्रिकेटची मॅच ऐन रंगात असताना त्यांनी पिचवर उभं राहून तलावाचा इतिहास सांगितला. सीमारेषेवरचे फिल्डर पहिल्या पाच मिनिटांतच पांगले, बॅट्समन तेवढा सापडला. घरी आल्यावर त्यांनी नेहमीचं गाऱ्हाणं नातीसमोर गायलं, की आजकालच्या पोरांना कशातच रस नाही. नात चेतना त्यांना चहा देत होती. तिनं कप पुढे ठेवला आणि ती आत गेली.

या चेतनाची गोष्ट सांगायलाच हवी. गोंदियाला कॉलेज करून ती परत आली होती आणि बसस्टँडवर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवत होती. दोन वर्षांपूर्वी ती आपणहून सभेला आली होती. मागे बसली आणि हात वर करून तिनं विचारलं होतं, की टोकाच्या वावरापर्यंत पाणी काऊन पोचत नाही. म्हातारे दचकून जागे झाले होते. उमरावजी म्हणाले होते, “चेतना, तू चहा पाह.” तिनं चहा पाहिला, सगळ्यांना दिला, कप धुतले, आणि त्यानंतर ती सभेकडे फिरकली नाही. उमरावजी हे केव्हाच विसरले होते.

शेवटी तोड काढली ती त्यांच्या बायकोनं, यशोदाबाईंनी. तांदूळ पाखडता पाखडता त्या म्हणाल्या, “पोट्टे मोबाइलात राह्यते, तं मोबाइलातच बोलवा न जी.” उमरावजींना हे पटलं, म्हणजे हे आपल्याला आधीच सुचलं होतं असं त्यांना वाटलं. ते तडक चेतनाच्या दुकानात गेले आणि छाती पुढे काढून सभेचा, आणि सभेच्याच दिवशी तुडुम उघडून वर्षाचं पहिलं पाणी सोडायचा, मजकूर सांगू लागले. ती टाइप करत गेली.

“चिचबोडीत रविवारी पाच वाजता तुडुम. वर्षातून एकदाच. पाळीवर जागा केली आहे. ज्याने त्याने चटई आणावी. बायामाणसांची वेगळी सोय. सुरू झाल्यावर कोणी बोलू नये, मोबाइल वाजू नये. नंतर सर्वांना चहा-चिवडा. आपला, उमराव पुस्तोडे.”

चेतनाचा अंगठा थबकला. तिनं विचारलं, तुडुमच लिहू का, की गेट लिहू? उमरावजी खवळले. गेट रेल्वेला असतं, तलावाला तुडुम असतं, आणि कोहळ्याच्या पोरीला हे सांगावं लागतं हेच दुर्दैव. “बरं,” ती म्हणाली, “असंच पाठवू?” असंच पाठव, एक अक्षर बदलू नको, असा हुकूम झाला. तिनं पाठवलं आणि टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकली. तिचे खांदे हलत होते. पोरीला सर्दी झाली असावी, असं उमरावजींना वाटलं.

आता यातली मेख अशी. मोबाइलवर पिच्चर आणि मालिका दाखवणारं एक मोठं ॲप आहे. त्यावर काहीही लावलं की आधी पडद्यावर एक अक्षर उमटतं आणि ढोलावर दोन थापा पडाव्या तसा आवाज येतो: तुडुम. इकडची पोरं त्या आवाजालाच पिच्चर म्हणतात. ‘आज तुडुम करू’ म्हणजे आज मिळून पिच्चर पाहू. तेव्हा पोरांना त्या निरोपातून जे कळायचं ते कळलं. तलावाच्या पाळीवर, मोठ्या पडद्यावर, चटईवर बसून, वर चहा-चिवडा. निरोप संध्याकाळपर्यंत आसपासच्या सगळ्या गावांत फिरला. लग्नात डीजे आणि पडदा भाड्यानं देणाऱ्या मोनूला तर रागच आला. हे काम आपल्याला न सांगता कोणाला दिलं? तो हिरमुसला आणि मग स्वतःचाच पडदा, जनरेटर आणि भोंगे घेऊन यायचं त्यानं ठरवलं.

रविवारी उमरावजी चारलाच पाळीवर हजर होते. डोक्याला धुतलेली टोपी, खांद्यावर कोशाचा रेशमी दुपट्टा. केशोरावांनी दरवर्षीचीच सतरंजी अंथरली. शेळीही वेळेवर आली. इंद्रकुमार बाबू काखेत फाइल धरून बाभळीखाली उभे होते आणि चेहऱ्यावर आधीच थोडं दुःख घेऊन आले होते.

मग पहिली मोटारसायकल आली. तिच्यावर तिघं. मग आणखी चार गाड्या. मग एक ऑटो. मग ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि तिच्यातून चटया, उशा, पाण्याच्या बाटल्या आणि खिदळणाऱ्या पोरी उतरल्या. त्यातली रेणू पुढे येऊन नमस्कार करून विचारू लागली, बायामाणसांची वेगळी सोय कुठं आहे.  उमरावजींनी नुसताच हात केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“केशोराव, पाहून राहिला न?”

“पाहून राहिलो,” केशोराव म्हणाले, “पण एवढे कायले आले बा?”

“पाण्यासाठी. आणखी कायले येतील?”

मोनूनं दोन बाभळींच्या मध्ये पांढरा पडदा ताणला. मावळतीचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून पोरांनी पडदा आणला, पोरं हुशार आहेत, असं उमरावजींनी बाबूंना मोठ्या कौतुकानं सांगितलं. बाबूंनी मान हलवली. त्यांनाही हे नवीन होतं.

मोहित नावाचा एक उंच पोरगा जवळ आला. त्यानं अदबीनं विचारलं, “आबाजी, कोणता आहे? नवा का जुना?”

“जुनाच. माह्या पणज्याच्या आधीचा.”

मोहितनं मागे वळून मित्रांना खूण केली, क्लासिक आहे बे. मग त्यानं विचारलं, किती वेळ चालेल.

“एक डाव चालू केलं का आठ-आठ दिवस चालते,” उमरावजी म्हणाले. “धान पिकेपर्यंत कायले बंद करू?”

सिरीज आहे, सिरीज आहे, अशी कुजबुज चटया-चटयांवरून पसरली. हिमांशु म्हणून दुसरा होता त्यानं हिरोइनची चौकशी केली. उमरावजींना तो शब्द नीट ऐकू आला नाही. बाईचं काम कोण करतं असं काहीसं त्यांनी ऐकलं आणि सांगून टाकलं, की दरवर्षी यशोदाबाईच करते, नारळ तीच फोडते. यशोदाबाई ताटात हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. सगळ्या पोरांनी त्यांच्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. त्या लाजल्या.

मग उमरावजी बोलायला उभे राहिले. पाळ भरलेली, शेळीला बसायला जागा नाही, म्हटल्यावर ते सुटलेच. पूर्वजांनी पाळ कशी बांधली, कोणाच्या टोपल्या किती मोठ्या, पाण्याच्या पाळ्या कशा ठरल्या. पोरं शांतपणे ऐकत होती. उमरावजींच्या अंगावर काटा आला. त्यांना काय ठाऊक, की पोरं ती जाहिरात समजून संपायची वाट पाहत होती.

शेवटी हिमांशुला राहवेना. त्यानं हात वर केला. “आबाजी, पिच्चर कवा चालू होऊन राहिला?”

“कोणता पिच्चर?”

 मग सगळ्यात मागून, कोणाचा तरी श्वास कोंडावा आणि फुटावा तसा आवाज आला. ती चेतना होती. ती हसत हसत खालीच बसली, आणि तिला पाहून रेणू, आणि रेणूला पाहून सगळ्या पोरी. मोहितनं समोर येऊन निरोप दाखवला, मग मोबाइलवर ते ॲप लावून उमरावजींच्या कानाशी धरलं. तुडुम, असं वाजलं.

उमरावजींनी तो मोबाइल हातात घेऊन उलटा करून पाहिला. “हे तं आपलं तुडुम आहे,” ते हळूच म्हणाले. “हे याच्यात कसं गेलं?”

आता पाळीवर दोन प्रकारची माणसं होती, हसणारी आणि चिडलेली. चिडलेल्यांनी चटया गुंडाळायला घेतल्या. मोटारसायकलला किक बसली. मोनू पडद्याची दोरी सोडू लागला. उमरावजींना पोरांच्या पाठी दिसू लागल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं, अगदी आतून. पोरं पिच्चरसाठी आली होती, पाण्यासाठी नाही. मघाचं ते डोळ्यांतलं पाणी आठवून त्यांना लाजही वाटली. पण माणूस हाडाचा अध्यक्ष. त्यांनी मोठ्यानं हाक दिली.

“आवाज ऐकून तं जा. तुमच्या मोबाइलातला लहान आहे.”

किक मारलेली गाडी बंद झाली. पोरं थांबली, कारण आपल्याकडे काही लहान आहे असं म्हटलेलं कोणत्याच पोराला चालत नाही.

यशोदाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. उमरावजी गेटपाशी गेले, धोतर सावरलं, करदोडा वर काढला आणि नेहमीसारखं पोट कुलपाला लावून, टाचा उंचावून, वाकडे होऊन किल्ली फिरवू लागले. हे दृश्य पोरांनी कधी पाहिलेलं नव्हतं. कोणी शिट्टी मारली, कोणी व्हिडिओ काढू लागला. कुलूप उघडलं. चाक दोन्ही हातांनी फिरलं. पाळीच्या पोटात वर्षभर कोंडलेली हवा कुठंतरी हलली, आणि मग जमिनीखालून तो आवाज आला.

तुडुम.

पायांच्या तळव्यांना तो आधी कळला आणि कानांना नंतर. शेळी उडाली. पुढच्याच क्षणी दगडी तोंडातून पांढऱ्या फेसाचं पाणी पाटात कोसळलं आणि पाळीवरची सगळी पोरं एका सुरात ओरडली. कोण कोणाला काय म्हणत होतं कळेना. मोहितनं चपलांसकट पाटात उडी मारली. मग हिमांशु. मग मोनू, त्यानं आधी ॲपचा आवाज भोंग्यावर लावून पाहिला आणि पाण्यापुढे तो फिका पडला हे स्वतःच कबूल केलं. पोरी ओढण्या खोचून उतरल्या. कोणी रील काढत होतं, कोणी कोणाच्या डोक्यावर पाणी ओतत होतं, कोणी उमरावजींना परत बंद करून परत उघडा म्हणत होतं. या धांदलीत कोणाचा तरी धक्का लागला आणि इंद्रकुमार बाबू बुटांसकट गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. फाइल तेवढी त्यांनी डोक्यावर धरली.

यशोदाबाई नारळ हातात घेऊन काठावर उभ्या होत्या. त्या पोरांच्या पायांकडे पाहत होत्या. मग त्यांनी नवऱ्याच्या दुपट्ट्याला झटका दिला.

“काय जी, हे तं पायपाणी झालं न.”

उमरावजींना कळायला थोडा वेळ लागला.  चिचबोडीची जुनी रीत आहे, वर्षाचं पहिलं पाणी सुटलं की ज्यानं त्यात पाय घातले तो त्या वर्षी तलावाचा माणूस. पाट साफ करायला त्यानं यायचं आणि पाण्याच्या सभेत त्यानं बोलायचं. याला पायपाणी म्हणतात. संस्थेची नोंदणी झाली तेव्हा सदस्य कोण, तर पायपाणी घेतलेला अठरा वर्षांपुढचा कोणीही, असं पहिल्याच कलमात आलं, आणि उमरावजी ते दरवर्षी वाचून दाखवत. शेळीनं ते पाठ केलं असेल, बाकी कोणी नाही.

उमरावजींनी ते आता पाटाच्या काठावरून खणखणीत म्हणून दाखवलं, तोंडपाठ. पोरं पाण्यात जिथल्या तिथं थिजली.

“म्हणजे फसवलं न आबाजी,” मोहित म्हणाला.

“मी कायले फसवीन? मी तं बोलावलं. उड्या तुम्ही मारल्या.”

सगळे बाबूंकडे वळले. बाबू मोजे पिळत होते. कलम आहे, ते म्हणाले, पहिलंच आहे. त्यांनी काठावर बसून ओल्या डोक्यांवरून नजर फिरवली, बोटांवर मोजलं, मधूनच स्वतःलाही मोजलं आणि मग खोडलं. चाळीसच्या कितीतरी पुढे गेले होते. “कोरम झाला,” ते म्हणाले, आणि त्यांनाच हसू आलं.

“कॅरम घरी आहे,” केवळराम म्हणाले. “घेऊन येतो.” आणि कोणी अडवायच्या आत ते निघालेही.

उमरावजींना काय करू आणि काय नको असं झालं. संस्था वाचली, तलाव वाचला, किल्ली वाचली. ते पोरांच्या ओल्या पाठी थोपटत सुटले. रेणूनं ओढणी पिळत विचारलं, सदस्याला सभेत बोलता येतं का. येतं न, उमरावजी म्हणाले. मत देता येतं का? गंज देता येते, पाहिजे तेवढी, उमरावजी म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

चटया परत अंथरल्या गेल्या. बाबूंनी अनवाणी उभं राहून सभा सुरू झाल्याचं सांगितलं. पहिला विषय अध्यक्षाची निवड. दरवर्षी इथे उमरावजी विचारत, कोणी इच्छुक आहे का, मग थोडी शांतता होई, मग केवळराम म्हणत, उमरावच, आणि होऊन जाई. उमरावजींनी याही वर्षी विचारलं, अगदी हसतमुखानं.

“चेतना,” रेणू म्हणाली.

उमरावजी हसले. मग त्यांनी पाहिलं तर समोर हातच हात. ओले, बांगड्यांचे, घड्याळांचे, एका हातात चिवड्याची पुडी. केवळराम कॅरम घेऊन नुकतेच पोचले होते. त्यांनीही, दरवर्षीसारखंच होत असणार या विश्वासानं, हात वर केला.

उमरावजींचा चेहरा उतरला. पोरगी लहान आहे, ते म्हणाले, कामाचा अनुभव नाही, आणि मुळात या पोरांना कधी सभेत यायचं सुचलं नाही तर आज एकदम अध्यक्ष कसलं. चेतना उभी राहिली. ती आता हसत नव्हती.

“आबाजी, मी आली होती,” ती म्हणाली. “तुम्ही म्हणाले, चहा पाह.”

 उमरावजींना ती सभा आठवली, ती मागे बसलेली पोरगी, तिचा वर झालेला हात. इतकी वर्षं पोरं येत नाहीत म्हणून ते शेळीला सांगत राहिले, आणि जी आली होती ती त्यांच्याच घरात रोज चहा देत होती. हे त्यांना लागलं. खूपच लागलं. त्यांनी आधारासाठी यशोदाबाईंकडे पाहिलं.

यशोदाबाईंचाही हात वर होता.

“काऊन व?” उमरावजी म्हणाले.

“किल्लीनं धोतराले भोकं पडून राहिले जी,” यशोदाबाई शांतपणे म्हणाल्या. “मी किती वर्सं शिवू?”

यावर आधी मोनू हसला, मग पाळ हसली, आणि सगळ्यात शेवटी, नको नको म्हणताना, उमरावजींना स्वतःलाच असं हसू फुटलं की त्यांना केशोरावांचा खांदा धरावा लागला. गाठ काही सुटली नाही. शेवटी यशोदाबाईंनी नारळासाठी आणलेला कोयता घेतला आणि सगळ्या सभेदेखत नवऱ्याचा करदोडा कापला. इंद्रकुमार बाबूंनी तेवढा वेळ तळ्याकडे पाहिलं.

किल्ली चेतनाच्या हातात आली. तिनं ती कमरेला बांधली नाही. शेजारी रेणूला दिली, पाहा म्हणाली, रेणूनं हिमांशुला, हिमांशुनं मोनूला. किल्ली हातोहात सगळ्या चटयांवरून फिरत गेली. गावातल्या एकाही पोरानं तोवर तिला हात लावलेला नव्हता. उमरावजी तिच्यामागे मान फिरवत राहिले आणि त्यांचा हात तीनदा कमरेकडे जाऊन रिकामा परत आला. आता कुठं बसावं हेही त्यांना कळेना, कारण पाळीवर खुर्ची एकच होती, अध्यक्षाची.

नव्या अध्यक्षांनी पहिला विषय काढला तो दोन वर्षं जुना. टोकाच्या वावरापर्यंत पाणी काऊन पोचत नाही? उमरावजी लगेच पुढे सरसावले. हे त्यांना सांगता येत होतं. पण पाणी कसं वळतं हे सांगायचं तर आधी पाट कोणी खोदला हे सांगायला हवं, आणि त्यासाठी थोडं मागं जाऊन—

“आबाजी, तुमच्याकडून ऐकाचंच आहे,” चेतना म्हणाली. तिच्या डोळ्यांत आता ते मिस्कील काहीतरी परत आलं होतं. “पण पहिले चहा पाहता का?”

उमरावजींनी नातीकडे पाहिलं.  मग त्यांनी टोपी नीट केली, दुपट्टा कमरेला बांधला, जिथे आता काहीच टोचत नव्हतं, आणि बाभळीमागच्या चुलीकडे निघाले.

चहा त्यांनी आयुष्यात केला नव्हता. साखर किती ते विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं, आणि अंदाजानं मूठ-मूठ टाकत गेले. पातेल्यावर वाकलेले असताना त्यांच्या कानावर गलका आला. सभा भांडत होती. मोहित म्हणत होता वरच्या वावरवाल्यांनी पाट फोडला, हिमांशु म्हणत होता तुह्याच काकानं फोडला, रेणू म्हणत होती दोघंही गप बसा आणि उद्या चला दाखवते, केशोराव टेबल नसल्यामुळे मांडीवर हात आपटत होते. झोपलेलं कोणीच नव्हतं. इतक्या वर्षांत या पाण्यासाठी सभेत कोणी एक शब्द भांडलेलं नव्हतं. उमरावजी ऐकत उभे राहिले, आणि आनंदानं त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“दूध उतू गेलं जी,” यशोदाबाई म्हणाल्या.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “ऐक.”

एवढे कप न्यायला ताट पुरेना. उमरावजींनी इकडे तिकडे पाहिलं, बाभळीला टेकवून ठेवलेला केवळरामांचा कॅरम उचलला, त्यावर ओळीनं कप मांडले, आणि सांडू न देता, पावलापावलानं, त्या भांडणाच्या ऐन मध्ये घेऊन निघाले. केवळरामांनी त्यांना येताना पाहिलं आणि मोठ्या समाधानानं बाबूंना कोपर मारलं.

“पाहा,” ते म्हणाले, “कोरम आला.”